थंडीतलं घर हाच धडा : पहिली-दुसरीसाठी गोधडीचा पाठ



दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की आपल्याकडे एक ठरलेला निबंध येतो. 'हिवाळा'. दहा ओळी. 'हिवाळ्यात थंडी पडते. आपण लोकरीचे कपडे घालतो. लोक शेकोटी पेटवतात.' मीसुद्धा कितीतरी वर्षं याच ओळी फळ्यावर लिहून दिल्या. मुलं त्या पाठ करायची, चाचणीत लिहायची, आणि आपल्याला वाटायचं, हिवाळा शिकवून झाला.

एका वर्षी ही गाडी दुसऱ्याच ओळीवर अडली. ती कशी अडली आणि त्यातून एक आठवड्याचा पाठ कसा तयार झाला, ते आज मांडतो. पाठाला लागणारं साहित्य प्रत्येक घरात असतं. विकत काहीच आणायचं नाही.

माझी चूक

आमचा भाग नाशिक जिल्ह्यातला, द्राक्षबागांचा. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या तुम्ही दर वर्षी वाचताच. कधी कधी तो ५ अंशांच्याही खाली जातो. अशा वेळी घड तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणी संपेपर्यंत बागांमध्ये हाताला काम असतं. त्यासाठी पेठ, सुरगाणा या भागांतून अनेक कुटुंबं येतात. बागेच्या कडेला पत्र्याच्या नाहीतर ताडपत्रीच्या आडोशाला राहतात. त्यांची लेकरं मधूनच आपल्या वर्गात येऊन बसतात.

तशीच एक मुलगी पहिलीत आली होती. मी मुलांना सांगितलं, "उद्या प्रत्येकानं घरातला एक लोकरीचा कपडा आणायचा आणि त्याबद्दल तीन वाक्यं बोलायची." दुसऱ्या दिवशी स्वेटर आले, मफलर आले, कानटोप्या आल्या. एकाने तर आजोबांची शाल आणली. वर्ग खूश होता. त्या मुलीची पाळी आली तेव्हा ती उठून उभी राहिली आणि खाली बघत राहिली. मी विचारलं, "विसरलीस का गं?" ती काही बोलली नाही. शेजारचा मुलगा म्हणाला, "सर, तिच्याकडं नाहीच."

वर्ग हसला नाही, ही मुलांची समजूत. नासमज मी होतो. ज्या घरात लोकरीचा कपडाच नाही त्या घरातल्या मुलीला मी वर्गासमोर उभं करून नेमकं तेच मागितलं होतं.

प्रश्न बदलला

दुसऱ्या दिवशी मी कपड्याचं नावच काढलं नाही. मुलांना गोल बसवलं आणि विचारलं, "रात्री थंडी वाजली की तुमच्या घरात काय करतात?"

आता मात्र सगळ्यांकडे सांगायला काही ना काही होतं. "आजी दाराच्या फटीत पोतं लावती." "आई मला चुलीपाशी बसवती." "आमचं मांजर माझ्या पांघरुणात येतं." मग ती मुलगी हळूच बोलली, "आम्ही एकाच गोधडीत झोपतो. मधी मी आन् भाऊ. कडंला आई आन् बाबा."

मी विचारलं, "मधे तुम्ही दोघंच का?"

"मधी गरम असतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात 'एवढंही कळत नाही का सर?' असा भाव होता.

मित्रांनो, माझ्या दहा ओळींच्या निबंधात नव्हतं ते विज्ञान या एका वाक्यात होतं. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर सम्राट पेंग्विन हेच करतात. शेकडो पक्षी एकमेकांना चिकटून उभे राहतात आणि कडेचे आळीपाळीने आत सरकतात. मी ते वर्गात सांगितलं. मुलांनी लगेच उठून पेंग्विनचा खेळ सुरू केला. मधे कोण, कडेला कोण, आता तू आत ये, मी बाहेर येतो. त्या दिवशी ती मुलगी पहिल्यांदा मोठ्याने हसली.

तिथून पुढे पाठ आपोआप उलगडत गेला. तुमच्या सोयीसाठी तो टप्प्याटप्प्याने देतो.

पहिला दिवस : गोधडी वाचूया (भाषा)

गोधडी शिवणारी आई, आजी किंवा शेजारची मावशी, कुणालाही वर्गात बोलवा. नसेल जमत तर मुलांनी घरीच गोधडी नीट बघून यायची. विचारायचे प्रश्न असे:

- ही कुणी शिवली? किती दिवस लागले?
- यातला कोणता तुकडा कुणाच्या कपड्याचा?
- मधे काय घातलं आहे?
- टाके सरळ रेषेत आहेत की गोल फिरत जातात?

मुलं जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. 'हा तुकडा आईच्या लग्नातल्या साडीचा.' 'हे बाबांचं धोतर.' पहिलीच्या मुलाला आपण बोललेलं वाक्य फळ्यावर दिसलं की ते वाचायला फार वेळ लागत नाही. कुणी 'वाकळ' म्हणेल, कुणी 'गोदडी', कुणी 'लेपाटं'. सगळे शब्द लिहा. त्यांतला एकच बरोबर आणि बाकीचे चूक, असं करू नका.

दुसरा दिवस : गोधडी गरम असते का? (विज्ञान)

मुलांना विचारा, "स्वेटर गरम असतो का?" सगळी म्हणतील, "हो!" मग हा प्रयोग करा.

दोन सारख्या वाट्या घ्या. दोन्हींत सारखे बर्फाचे तुकडे ठेवा. एक वाटी उघडी ठेवा, दुसरी गोधडीत नाहीतर स्वेटरमध्ये नीट गुंडाळा. आधी अंदाज विचारा, कोणता बर्फ लवकर वितळेल? बहुतेक मुलं सांगतात, "गोधडीतला, कारण ती गरम असते." अर्ध्या तासाने उघडून बघा. उघड्या वाटीत पाणी जास्त झालेलं असतं आणि गोधडीतला बर्फ टिकलेला असतो.

मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आता समजावणं सोपं जातं. गोधडी स्वतः उष्णता तयार करत नाही. तिच्या थरांमध्ये हवा अडकलेली असते आणि त्या हवेतून उष्णता सहज ये-जा करू शकत नाही. बर्फाकडे बाहेरची उष्णता जाऊ दिली नाही, म्हणून तो टिकला. आपल्या अंगाची उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, म्हणून आपल्याला ऊब वाटते. बर्फवाला लादी गोणपाटात आणि भुशात का ठेवतो, हे आता मुलंच सांगतील.

पालकांसाठी यातली कामाची गोष्ट अशी, की एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातले तर मधे हवेचे थर राहतात आणि ऊब चांगली टिकते. नवा स्वेटर नसला तर सदऱ्यावर सदरा चालतो. मात्र आतला कपडा ओला किंवा घामेजलेला नको.

तिसरा दिवस : खोबरेल तेलाचा तापमापक (नोंदी)

खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठायला लागतं. म्हणजे घरातली तेलाची बाटली हाच आपला तापमापक. मुलांनी रोज सकाळी उठल्यावर बाटली बघायची आणि वहीत एक खूण करायची: पातळ, अर्धवट किंवा घट्ट. महिनाभराचा तक्ता झाला की मोजायचं. घट्टचे दिवस किती? पातळचे किती? कोणत्या आठवड्यात थंडी जास्त होती? बेरीज, तुलना आणि तक्ता वाचन, तिन्ही होतं. मुलांना हे काम फार आवडतं, कारण तेल लावून घ्यायचा कंटाळा असला तरी बाटली बघायचा नसतो!

चौथा दिवस : उशिरा उजाडतं ते का? (वेळ)

आपल्याकडे सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला असतो, सुमारे ११ तासांचा. त्यानंतर दिवस मोठा होऊ लागतो. पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सूर्योदयाच्या वेळा बघितल्या तर एक गंमत सापडते. सकाळ मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी आणखी उशिराच होत जाते. आमच्याकडे तेव्हा सूर्य सात वाजून दहा-बारा मिनिटांनी उगवतो. दिवस वाढतो तो आधी संध्याकाळच्या बाजूने. चौथीपर्यंतच्या मुलांना घड्याळ शिकवायला याहून चांगलं निमित्त नाही. रोज एकाने सूर्योदयाची, एकाने सूर्यास्ताची वेळ फळ्यावर लिहायची.

आणि हे आपल्यासाठीही आहे. अंधारात उठून, गार पाण्याने तोंड धुऊन, चालत येणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला दहा मिनिटं उशीर झाला तर त्याला दाराबाहेर उभं करू नका. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला, तो लहान मुलांच्या झोपेचा विचार करूनच.

पाचवा दिवस : संक्रांत आणि पोटातली ऊब

बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, शेंगदाणे, मेथी, ओले हरभरे, बोरं. मुलांनी आठवडाभर घरात काय खाल्लं त्याची यादी करायची आणि त्यातलं जवळपासच्या शेतात काय पिकतं ते शोधायचं. संक्रांतीला काळे कपडे का घालतात, हे विचारलं की उन्हात एक काळं आणि एक पांढरं फडकं ठेवा, थोड्या वेळाने हात लावून बघा. उत्तर हाताला कळतं.

मोठ्या मुलांसाठी आणखी एक माहिती. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ साली मकर संक्रांतीच्या दिवशी झाला, आणि ती तारीख होती १२ जानेवारी. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. पृथ्वीचा अक्ष अतिशय सावकाश फिरतो. त्यामुळे तारे धरून मोजलेली संक्रांत इंग्रजी तारखेच्या हिशेबात साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. म्हणजे हाही आपल्या घरातल्या सणात दडलेला खगोलाचा धडाच.

पालकसभेत हे नक्की सांगा

हिवाळ्यातले काही अपघात केवळ माहिती नसल्याने होतात. म्हणून पाठाच्या शेवटी पालकांना बोलवून एवढं सांगाच.

१. कोळशाची शेगडी किंवा घमेल्यातला विस्तव बंद खोलीत ठेवून झोपू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, झोपेतल्या माणसाला तो कळतही नाही. गॅस गिझर असेल तर न्हाणीघराला हवा खेळती हवीच.

२. आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम. नुसत्या कढत पाण्याची बादली रांगत्या मुलाच्या वाटेत ठेवू नका. आणि मूल न्हाणीघरात नेण्याआधी पाण्यात आपलं कोपर बुडवून बघा.

३. बोरन्हाणाचं कौतुक जरूर करा. पण चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात अख्खे शेंगदाणे, हरभरे, आठळीसकट बोर देऊ नका. हसता-रडताना दाणा श्वासनळीत अडकू शकतो. कूट करून, बी काढून द्या. डोक्यावरून ओतलेलं सगळं लगेच गोळा करा.

४. तान्ह्या बाळाच्या तोंडावर पांघरूण येऊ देऊ नका. ऊब अंगाला हवी, नाक मोकळं हवं.

५. थंडीत तहान कमी लागते, पण मुलांना पाणी हवंच असतं. शाळेतही आठवण करून द्या.

आणि लोकरीची पेटी

वर्गात ज्यांच्याकडे गरम कपडे नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न राहिलाच होता. सगळ्यांसमोर हाक मारून स्वेटर वाटणं म्हणजे माझी पहिलीच चूक दुसऱ्यांदा करणं झालं असतं. म्हणून वर्गाच्या कोपऱ्यात खोक्याची एक पेटी ठेवली. लहान झालेले, धुतलेले कपडे त्यात कुणीही टाकायचे आणि ज्याला हवं त्याने घ्यायचं. कुणी काय घेतलं, हे विचारायचं नाही. पहिल्या दिवशी मीच माझा जुना मफलर टाकला आणि माझ्यासाठी दुसरा घेतला. मग मुलांनाही घ्यायला संकोच वाटेना.

त्या मुलीने पेटी तीन दिवस नुसती बघितली. चौथ्या दिवशी एक लाल कानटोपी उचलली. टोपी तिच्या डोक्याला लहान होती. मी काही विचारलं नाही. संध्याकाळी शाळा सुटली तेव्हा बागेच्या वाटेवर तिची आई उभी होती आणि आईच्या कडेवरच्या भावाच्या डोक्यावर ती टोपी चढवण्याचं काम चाललं होतं.

काढणी संपली आणि ते कुटुंब गावी परत गेलं. जाण्याआधी तिने वहीत 'हिवाळा' लिहिला होता. चारच ओळी, काही अक्षरं उलटी. पहिली ओळ होती, 'मधी गरम असतं.' मी ती वही तपासताना 'मधी' खोडून 'मध्ये' केलं नाही.

यंदाच्या हिवाळ्यात दहा ओळी लिहून देण्याआधी एकदा मुलांना गोल बसवून विचारून बघा, तुमच्या घरात थंडी वाजली की काय करतात? पुढचा पाठ तीच सांगतील.