दहावीनंतरची शिकाऊ उमेदवारी : मुलांसोबत शोध कसा घ्यावा

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की वसतिगृहाच्या ओसरीवर पालकांची रीघ लागते. "सर, आता याला कोणत्या कॉलेजात घालावे?" हा एकच प्रश्न बहुतेकांच्या मुखी असतो. ज्याला उत्तम गुण आहेत त्याच्याविषयी उत्तर देणे सोपे असते. ज्याला पन्नास-बावन्न टक्के आहेत, परंतु वसतिगृहाचा पाण्याचा पंप बिघडला की जो न सांगता पाना घेऊन खाली बसतो, त्याच्याविषयी बोलताना आम्हांला शब्द जपून वापरावे लागतात. 'शिकाऊ उमेदवारी' हा शब्द उच्चारताच वडिलांचा चेहरा उतरतो.

त्यामागील वेदना आम्ही जाणतो. आमच्या बहुतांश विद्यार्थ्यांच्या आजोबा-पणजोबांवर काम जन्मानेच लादले गेले होते. त्या कामाला करार नव्हता, ठरलेला मोबदला नव्हता आणि ते सोडण्याची मुभाही नव्हती. ज्यांनी ते जोखड फेकून दिले त्यांना नातवाच्या हाती हातोडी पाहून धसका बसला, तर त्यास अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र लादलेले काम आणि शिकलेले कौशल्य यांत मोठे अंतर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ साली व्हाइसरॉयना सादर केलेल्या निवेदनात अस्पृश्य तरुणांसाठी तांत्रिक शिक्षणाचीही मागणी केली होती, याचे पालकांना आम्ही आवर्जून स्मरण करून देतो.

हे अंतर कायद्यात स्पष्ट दिसते. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा आहे. त्यानुसार उमेदवाराचे वय किमान १४ वर्षे पूर्ण असावे लागते आणि धोकादायक उद्योगांत ही मर्यादा १८ वर्षांची आहे. उमेदवार व आस्थापना यांच्यात लेखी करार होतो, त्याची नोंदणी होते आणि उमेदवार अज्ञान असल्यास पालकाला त्यावर सही करावी लागते. दरमहा विद्यावेतन मिळते. २०१९ च्या नियमदुरुस्तीने दहावी उत्तीर्ण उमेदवारासाठी ते किमान ६००० रुपये ठरविले होते. चालू दर मात्र प्रवेशाच्या वेळी विचारूनच घ्यावा. प्रशिक्षण चालू असता अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर असते. हे सारे सांगितल्यावर आम्ही एक कटू गोष्टही लपवीत नाही. उमेदवार हा कायद्याने प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. मुदत संपल्यावर त्याला नोकरीत घेण्याचे बंधन सहसा मालकावर नसते. हाती उरते ते कौशल्य आणि प्रमाणपत्र.

वाटा दोन आहेत. कारखान्यात थेट उमेदवार म्हणून जाता येते, किंवा प्रथम औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एक वा दोन वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम पूर्ण करून मग उमेदवारी करता येते. दुसऱ्या वाटेने गेलेल्यास उमेदवारीच्या मुदतीत सूट मिळते. घरची ओढाताण फार नसेल तर आमचा कल या दुसऱ्या वाटेकडे आहे, कारण कारखान्याच्या गडबडीत यंत्राची मूलतत्त्वे समजावून सांगण्यास कोणास सवड असतेच असे नाही.

परंतु कोणता व्यवसाय? येथे आम्ही स्वतः चुकलो आहोत. काही वर्षांपूर्वी एका मुलास आम्ही वीजतंत्रीच्या अभ्यासक्रमास पाठविले, केवळ त्या व्यवसायाला मागणी आहे असे ऐकून. चार महिन्यांत तो परत आला. उंच शिडीवर चढताना त्याचे पाय कापत असत आणि हे त्याने आम्हांला सांगितले नव्हते, कारण आम्ही त्याला विचारलेच नव्हते. पुढे तो सुतारकामात रमला. त्या मुलाचे एक वर्ष आमच्या घाईने खर्ची पडले.

तेव्हापासून आम्ही शोधाचा आरंभ नववीच्या उन्हाळी सुट्टीत करतो. प्रवेश-अर्जावर जोडारी, कातारी, संधाता, तारतंत्री अशी नावे असतात. बाजारात त्यांनाच फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन म्हणतात. 'संधाता' हा शब्द ऐकून मुले हसतात, पण जोडकामाची ठिणगी जवळून पाहिली की गंभीर होतात. नुसत्या नावावरून निवड होत नाही. मुलाने दोन-तीन ठिकाणी जाऊन प्रत्येकी एक पूर्ण दिवस बाजूस उभे राहून काम पाहावे, असा आमचा आग्रह असतो. लेथवर उभ्या असलेल्या कातारीला मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचावा लागतो. ज्याला अपूर्णांकांची भीती आहे त्याने आधी ती भीती घालवावी. संधात्याला उष्णता व प्रखर प्रकाश सोसावा लागतो. ज्याचे डोळे अधू आहेत त्याची तपासणी आधी करून घ्यावी. संध्याकाळी परत आल्यावर मुलाला 'आवडले का?' असे आम्ही विचारत नाही, कारण त्याचे उत्तर तो आमचा चेहरा पाहून देतो. दिवसभरात कंटाळा केव्हा आला, असे विचारतो. त्याचे उत्तर बहुधा खरे येते.

मुलींच्या बाबतीत चौकशी आणखी बारकाईने करावी लागते. स्वतंत्र स्वच्छतागृह आहे काय, पाळी किती वाजता सुटते, तेथून एस.टी. मिळते काय, आधीच्या मुली टिकल्या की सोडून गेल्या? या चौकशीसाठी आम्ही आईला सोबत नेतो. आई जे पाहते ते वडिलांच्या व आमच्याही नजरेतून सुटते, असा अनुभव आहे.

केंद्र शासनाच्या 'अप्रेंटिसशिप इंडिया' या पोर्टलवर नोंदणी करणे मुलांना कठीण जात नाही. आधार व शाळेच्या दाखल्यावरील नावात फरक असला की मात्र अडचण येते. ती दुरुस्ती दहावीच्या वर्षीच करून घ्यावी.

कराराची सही होण्यापूर्वीची एक दुपार आम्ही राखून ठेवतो. मुलगा करार मोठ्याने वाचतो, वडील शेजारी बसून ऐकतात. मुदत किती, विद्यावेतन किती, रजा किती, मध्येच सोडल्यास काय, असे एकेक कलम थांबून समजून घेतले जाते. मागील वर्षी एक वडील मध्येच म्हणाले, "हे पुन्हा एकदा वाच." कलम मध्येच सोडण्याविषयीचे होते. मुलाने ते पुन्हा वाचले, आणि मग वडिलांनी आमच्याकडे पेन मागितले.