चलनावरील प्रतिमा : गौरव कोणाचा, अधिकार कोणाचा?

चलनावर कोणाची प्रतिमा असावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ गौरवाचा वाटतो. प्रत्यक्षात तो सार्वभौमत्व, कायदा आणि आर्थिक व्यवहार या तिन्हींशी निगडित आहे. जून २०२२ मध्ये रवींद्रनाथ टागोर आणि माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या प्रतिमा नोटांवर येणार, अशा बातम्या प्रसृत झाल्या. तेव्हा असा कोणताही प्रस्ताव नाही, असा खुलासा भारतीय रिझर्व्ह बँकेने केला. त्या निमित्ताने पुढे आलेला प्रश्न मात्र अभ्यासण्याजोगा आहे : माजी राष्ट्रपतींचा गौरव चलनाद्वारे करावा काय? या प्रश्नाचे मूळ समजण्यासाठी झाशीच्या नाण्यांपासून आरंभ करणे उपयुक्त ठरेल.

झाशीची साक्ष

अठराव्या शतकाच्या मध्यास झाशी मराठ्यांच्या अंमलाखाली आली. नारो शंकर यांनी किल्ल्याचा विस्तार केला. पुढे नेवाळकर घराण्याकडे तेथील सुभेदारी आली. येथील टांकसाळीचे नाव नाण्यांवर ‘बलवंतनगर’ असे आढळते. कारभार मराठ्यांचा असूनही या रुपयांवर नाव मात्र दिल्लीचा बादशहा दुसरा शाह आलम याचे असे. बादशहाची सत्ता क्षीण झाली होती, तरी त्याच्या नावाची मान्यता टिकून होती आणि व्यापारी तो रुपया निःशंकपणे स्वीकारीत. याउलट, छत्रपती शिवाजी महाराजांनी आपल्या होनावर आणि शिवराईवर स्वतःचे नाव देवनागरीत कोरविले, ही स्वतंत्र सार्वभौमत्वाची घोषणाच होती. यावरून असे दिसते, की नाण्यावरील नाव हे सत्तेच्या अधिष्ठानाचे चिन्ह होते; तो गुणवंताचा सत्कार नव्हता.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये एकसमान रुपया सुरू करताना त्यावर राजे चौथे विल्यम यांची प्रतिमा घातली. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. दत्तक पुत्र दामोदरराव यांचा वारसा नाकारून लॉर्ड डलहौसीने १८५४ मध्ये झाशी संस्थान खालसा केले. १८५८ मध्ये कंपनीची सत्ता संपून भारताचा कारभार थेट ब्रिटिश राजसत्तेकडे गेला, आणि १८६२ पासूनच्या रुपयावरून कंपनीचे नाव नाहीसे झाले. ज्या वर्षी झाशीच्या राणीने रणांगणावर देह ठेवला, त्याच वर्षी दुसऱ्या एका राणीच्या नावाने देशाचा कारभार सुरू झाला. नाण्यावरील मुद्रा म्हणजे काय, हे झाशीइतके क्वचितच कोणी अनुभवले असेल.

राजाकडून राजमुद्रेकडे

स्वातंत्र्यानंतर हा मुकुटधारी चेहरा हटविणे क्रमप्राप्त होते. त्याच्या जागी महात्मा गांधींचे चित्र घालण्याचा विचार प्रथम झाला व तशी संकल्पचित्रेही तयार झाली. परंतु अखेरीस सारनाथच्या सिंहशीर्षाची निवड झाली. १९४९ च्या १ रुपयाच्या नोटेवर ते अवतरले. प्रजासत्ताकात सार्वभौमत्व व्यक्तीकडे नसून जनतेकडे असते, हे तत्त्व या निवडीतून व्यक्त झाले. राज्यघटनेच्या कलम १८ ने लष्करी व शैक्षणिक सन्मान वगळता राज्याने किताब देण्यास मनाई केली, तिचा आशयही याच समतेच्या तत्त्वाशी जुळतो.

गांधीजींचे चित्र नोटेवर आले ते १९६९ मध्ये, जन्मशताब्दीच्या निमित्ताने. १९८७ च्या ५०० रुपयांच्या नोटेवर ते पुन्हा आले आणि १९९६ पासून ‘महात्मा गांधी मालिका’ रूढ झाली. गांधीजींनी कोणतेही शासकीय पद भूषविले नव्हते, ही बाब येथे विशेष लक्षणीय आहे. नोटेवरील त्यांचे स्थान पदाच्या अधिकाराने आलेले नाही.

कायद्याची चौकट

परीक्षेच्या दृष्टीने नोट आणि नाणे यांतील भेद महत्त्वाचा आहे. नोटा काढण्याचा अधिकार भारतीय रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ च्या कलम २२ नुसार बँकेकडे आहे. कलम २५ नुसार, बँकेच्या केंद्रीय संचालक मंडळाच्या शिफारशी विचारात घेऊन केंद्र सरकार नोटेचा आराखडा मंजूर करते. १ रुपयाची नोट मात्र केंद्र सरकार काढते व तीवर वित्त सचिवांची स्वाक्षरी असते. नाणी पाडण्याचा अधिकार नाणे अधिनियम, २०११ नुसार केंद्र सरकारचा असून मुंबई, कोलकाता, हैदराबाद व नोएडा येथे टांकसाळी आहेत. रिझर्व्ह बँक या नाण्यांचे वितरण करते.

व्यक्तिगौरवासाठी भारताने प्रामुख्याने स्मारक नाण्याचा मार्ग अवलंबिला. १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ नाणी निघाली. १९९० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे १ रुपयाचे नाणे आले. माजी राष्ट्रपतींपैकी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त ५ रुपयांचे नाणे निघाले, डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या स्मरणार्थ २०१५ मध्ये १२५ रुपयांचे स्मारक नाणे व १० रुपयांचे चलनी नाणे प्रकाशित झाले. म्हणजेच माजी राष्ट्रपतींचा गौरव चलनाद्वारे झालेला आहे. मात्र तो प्रासंगिक आहे, पदसिद्ध नव्हे.

अमेरिकेचा अनुभव

पदसिद्ध गौरवाचा प्रयोग अमेरिकेने केला. २००५ च्या कायद्यानुसार २००७ पासून माजी राष्ट्राध्यक्षांची १ डॉलरची नाणी क्रमाने काढण्यात आली. मृत्यूला किमान दोन वर्षे झालेली असावीत, अशी अट होती. जनतेने कागदी डॉलरच पसंत केला. मध्यवर्ती बँकेच्या तिजोऱ्यांत १ अब्जाहून अधिक डॉलर नाणी साचली आणि २०११ च्या अखेरीस चलनासाठी ती पाडणे थांबविण्यात आले. जे नाणे हाती फिरत नाही, त्यावरील गौरवही लोकांपर्यंत पोहोचत नाही, हा यातील बोध आहे.

दोन्ही बाजू

समर्थकांचे म्हणणे असे, की नोटांवर विविध प्रदेशांतील, समाजघटकांतील कर्तृत्ववान स्त्रीपुरुष आले तर देशाच्या बहुविधतेचे दर्शन घडेल व नव्या पिढीला इतिहासाची ओळख होईल. हा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. तथापि, एकाच परिचित चेहऱ्यामुळे व त्याच्या जलचिन्हामुळे सामान्य माणसाला खरी नोट ओळखणे सुकर होते. शिवाय एकाची निवड म्हणजे अनेकांचे वगळणे. राष्ट्रपतिपदासारख्या पक्षातीत पदाला अशा तुलनेत ओढणे त्या पदाच्या प्रतिष्ठेस बाधक ठरू शकते.

गौरवाचे अन्य मार्ग

या बाबतीत झाशी पुन्हा मार्गदर्शक ठरते. १५ ऑगस्ट १९५७ रोजी राणी लक्ष्मीबाईंचे चित्र असलेले १५ नये पैशांचे टपाल तिकीट निघाले. झाशीत त्यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१४ च्या कायद्यान्वये त्यांच्या नावे केंद्रीय कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पाण्याची चणचण सोसणाऱ्या बुंदेलखंडात शेतीचे शिक्षण व संशोधन ज्या नावाने चालते, ते नाव खऱ्या अर्थाने लोकांच्या उपयोगी पडते.

म्हणून निष्कर्ष असा मांडता येईल : नोटेवरील कायमची मुद्रा साऱ्या राष्ट्राला आपली वाटेल अशीच असावी, माजी राष्ट्रपतींसह सर्व मान्यवरांसाठी, काळाचे अंतर राखून, गुणवत्तेवर स्मारक नाण्याचा मार्ग खुला असावा, आणि चिरस्थायी गौरव संस्थांच्या रूपाने व्हावा. बलवंतनगरच्या रुपयावर बादशहाचे नाव होते, पण झाशी म्हणताच जनतेला आठवते ती राणी.

सरावासाठी प्रश्न

१. नोटेचा आराखडा निश्चित करण्याची वैधानिक प्रक्रिया स्पष्ट करा.
२. ‘चलनावरील मुद्रा ही सार्वभौमत्वाची निदर्शक असते.’ ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे चर्चा करा.
३. प्रजासत्ताकात पदसिद्ध गौरव इष्ट आहे काय? साधकबाधक विचार मांडा.