चूर्णाआधी गोळ्यांची पिशवी बघा

प्रश्न : सासूबाई 68 वर्षांच्या. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून पोट साफ होत नाही. रोज सोनामुखीचं चूर्ण घेतात. चालेल का?

उत्तर : महिनोन्‌महिने मनानेच घेऊ नये. आधी त्यांच्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांना दाखवा. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, लोह, कॅल्शियम, सगळ्यांनी मलावरोध होतो. शिवाय उठताना गुडघा दुखतो म्हणून अशा बायका पाणीच कमी पितात, आलेली कळ दाबतात. मग आतडं पाणी शोषत राहतं नि मळ खडा होतो. न्याहारीनंतर आतड्याची हालचाल वाढते, तेव्हा निवांत बसू द्या; पायांखाली छोटा पाट ठेवा, गुडघा सोसेल तेवढाच. रोज व्हायलाच हवं असं नाही, आठवड्यातून 3 वेळाही चालतं. मात्र रक्त पडलं, वजन घटलं किंवा पोट फुगून उलट्या झाल्या, तर लगेच दाखवा.