अपडेटनंतर डिस्प्ले बिघडला तर

ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट झाल्यावर डिस्प्लेच्या तक्रारी साधारणपणे चार प्रकारच्या असतात: अक्षरे एकदम मोठी किंवा धूसर होणे, स्क्रीन लुकलुकणे, दुसरा मॉनिटर न सापडणे आणि स्क्रीन पूर्ण काळी पडणे. बहुतेक वेळा दोष स्क्रीनचा नसतो. ग्राफिक्स चिपकडून काम करून घेणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, अपडेटमध्ये बदललेला असतो किंवा जुना ड्रायव्हर नव्या आवृत्तीशी जुळत नाही.

योग्य ड्रायव्हर सापडला नाही, तर विंडोज 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' या कामचलाऊ ड्रायव्हरवर भागवते. चित्र दिसते, पण १९२० × १०८० ची स्क्रीन १०२४ × ७६८ वर येऊ शकते, लॅपटॉपचा ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही आणि जोडलेला प्रोजेक्टर ओळखला जात नाही. ही लक्षणे एकत्र दिसली, तर संशय ड्रायव्हरवरच घ्यावा.

दुरुस्तीच्या दुकानात जाण्यापूर्वी एक तपासणी घरीच करता येते. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. सुरुवातीचा कंपनीचा लोगो स्वच्छ दिसला आणि विंडोज सुरू झाल्यावरच गडबड झाली, तर पॅनेल आणि केबल बहुधा ठीक आहेत. लोगोवर किंवा बायोसच्या स्क्रीनवरही रेघा दिसत असतील, तर बिघाड हार्डवेअरचा समजावा. हा फरक माहीत नसल्यामुळे नव्या पॅनेलचा खर्च विनाकारण गळ्यात पडतो, किंवा 'फॉरमॅट मारू' हा सल्ला ऐकून बॅकअप नसलेल्या फाइली गमावल्या जातात.

उपाय सोप्यापासून सुरू करावेत. विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून चित्र दुसऱ्या स्क्रीनवर तर गेलेले नाही ना, हे पाहावे. अक्षरांचा आकार बदलला असेल, तर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये रिझोल्यूशन आणि स्केल तपासावे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्या की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडी कामे बंद होत नाहीत.

एवढ्याने भागले नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्सखालील चिप निवडून 'रोल बॅक ड्रायव्हर' वापरावे. ते बटण फिकट असेल, तर परत जाण्यासाठी जुना ड्रायव्हर उपलब्ध नसतो. अशा वेळी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा; भलत्याच ठिकाणचे 'ड्रायव्हर अपडेटर' टाळावेत.

स्क्रीन पूर्ण काळी असेल, तर सुरू होताना पॉवर बटण दाबून धरून संगणक दोन-तीनदा बंद करावा. त्यानंतर दुरुस्तीची स्क्रीन येते आणि तिथून सेफ मोड निवडता येतो. सेफ मोडमध्ये चित्र नीट दिसले, तर ड्रायव्हरवरचा संशय पक्का होतो आणि ड्रायव्हर तिथूनच काढता येतो. डिस्कवर बिटलॉकर (डिस्कचे एन्क्रिप्शन) असेल, तर या वाटेवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती हाताशी नसेल, तर आपल्याच फाइली आपल्याला उघडत नाहीत.

शेवटचा मार्ग अपडेट काढण्याचा. छोटी अपडेट 'अपडेट हिस्टरी'तून काढता येतात. मोठ्या आवृत्तीबदलानंतर सेटिंग्जच्या 'रिकव्हरी' विभागात मागे जाण्याची सोय एरवी १० दिवसच असते. जागा मोकळी करण्यासाठी 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर पुसला, तर ती त्याआधीच संपते. लिनक्समध्ये नव्या कर्नलनंतर डिस्प्ले बिघडला, तर ग्रब मेनूतून जुना कर्नल निवडून काम चालवता येते.

मोठे अपडेट घेण्यापूर्वी फाइलींचा बॅकअप, चालू असलेल्या ड्रायव्हरची प्रत आणि कागदावर उतरवलेली रिकव्हरी की तयार ठेवावी. परीक्षा, सादरीकरण किंवा रिटर्न भरण्याची मुदत तोंडावर आली असेल, तर सेटिंग्जमधून अपडेट काही दिवस थांबवावे. मुदत संपल्यावर मात्र ते घ्यावे, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्यातूनच येतात.