टर्बो-मोटारीची निगा : तेल, हवा आणि चार चाके

लखनौच्या आलमबाग भागात रेल्वेची एक मोठी डिझेल शेड आहे. डब्ल्यूडीएम-2 या नावाने ओळखली जाणारी एंजिने तेथे अनेक वर्षे तपासणीसाठी येत असत. या जातीची पहिली एंजिने 1962 साली अमेरिकेतून आली आणि 1964 पासून ती बनारसच्या कारखान्यात तयार होऊ लागली. सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती आणि सहाच्या सहा आसांवर विजेच्या मोटारी, अशी त्यांची रचना होती. या एंजिनांची शक्ती वाढविणारे साधन म्हणजे टर्बोचार्जर होय. थोडक्यात सांगावयाचे, तर टर्बोच्या बळावर चालणारे आणि सर्व चाकांनी ओढणारे वाहन लखनौच्या कारागिरांच्या हाती फार पूर्वीच आले होते.

प्रस्तुत पाठाचा विषय मात्र मोटारगाडी हा आहे. टर्बो असलेले पेट्रोल-एंजिन आणि चारही चाकांना मिळणारी शक्ती या दोन्ही गोष्टी ज्यांत एकत्र आहेत, अशा वेगवान बंद मोटारी आपल्या देशात थोड्याच आहेत. त्यांपैकी मर्सिडीज-एएमजी ए 35 ही गाडी 2021 साली पुण्याजवळील चाकण येथे जोडली जाऊ लागली. केवळ दोन लिटरच्या एंजिनातून ती 306 अश्वशक्ती देते. टर्बो नसलेल्या तेवढ्याच आकाराच्या साध्या एंजिनाकडून याच्या निम्मी शक्ती मिळाली, तरी ती पुष्कळ समजली जाते. ही जास्तीची शक्ती फुकट मिळत नाही. तिची किंमत देखभालीच्या रूपाने मोजावी लागते आणि ती कशी मोजावी याचे उत्तम शिक्षण रेल्वेच्या शेडमध्ये मिळते, असे माझे मत आहे.

सिलिंडरातून बाहेर पडणारा जळका वायू तप्त आणि वेगवान असतो. एरवी तो धुराड्यातून वाया जातो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली या वायूला कामाला लावण्याच्या कल्पनेचे एकस्व घेतले. वायूच्या झोताने एक लहानसे चक्र फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेले चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरते. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून शक्ती अधिक. मोटारीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला दीड लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. त्याच्या एका अंगास नऊशे अंशांच्या आसपास तापलेला वायू असतो, तर दुसऱ्या अंगास बाहेरची हवा. मधला दांडा तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत असतो. हा पापुद्रा आपल्या केसाच्या जाडीएवढाही नसतो! तो क्षणभर तुटला, तरी धातू धातूला घासतो.

म्हणून टर्बोची निगा म्हणजे प्रथम तेलाची निगा होय. वंगण केव्हा बदलावे, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. पुष्कळ कारखाने पंधरा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतील जे आधी येईल ते, असे सांगतात. परंतु बहुतेक पुस्तिकांत कठीण परिस्थितीत ही मुदत कमी करावी, असाही मजकूर बारीक टाइपात असतो आणि नेमका तोच वाचला जात नाही. मे महिन्यात चाळीस अंशांच्या वर चढणारा पारा, लूबरोबर उडणारी धूळ आणि हजरतगंजच्या गर्दीत दर शंभर पावलांवर थांबणारी गाडी, ही कठीण परिस्थिती नव्हे तर काय? लखनौतील मालकाने सात-आठ हजार किलोमीटरांवर तेल आणि त्याबरोबर तेलाची गाळणी बदलणे शहाणपणाचे ठरेल. तेल पुस्तिकेत नमूद केलेल्या प्रतीचेच हवे. उन्हाळा आहे म्हणून दाट तेल भरावे, हा समज जुन्या एंजिनांच्या काळातला आहे. टर्बोच्या अरुंद वाटांतून दाट तेल वेळेवर पोहोचत नाही.

शेडमध्ये तेलाचा नमुना काढून तो प्रयोगशाळेत तपासतात. त्यात लोखंड, तांबे किंवा शिसे किती आहे, यावरून कोणता भाग झिजू लागला आहे, हे एंजिन न उघडता कळते. जणू वैद्याने नाडी पाहावी! मोटारमालकाला एवढे करणे क्वचितच शक्य होते. पण महिन्यातून एकदा सपाट जागी गाडी उभी करून तेलाची पातळी पाहणे प्रत्येकाला शक्य आहे. टर्बो-एंजिने थोडे तेल जाळतातच. ते दोन तपासण्यांच्या मध्ये निमूटपणे कमी होत जाते.

शेडमधली आणखी एक रीत मला फार बोलकी वाटते. एंजिन बंद केल्यावर टर्बोचा दांडा किती वेळ फिरत राहतो, हे तेथे घड्याळ लावून मोजत. तो लवकर थांबला, तर बेअरिंगमध्ये काही अडकत आहे, असे समजावे. एंजिन बंद पडले तरी दांडा लगेच थांबत नाही, ही गोष्ट मोटारीलाही लागू आहे. आग्रा-लखनौ द्रुतगती मार्गाचे 2016 साली उद्घाटन झाले. तो 302 किलोमीटर लांबीचा आहे. त्यावरून भर वेगाने येऊन चहासाठी गाडी थांबविली आणि तत्क्षणी किल्ली फिरविली, तर तेलाचा पंप थांबतो. तप्त बेअरिंगमध्ये उरलेले थेंब जळून त्यांचा कोळसा होतो. असे शंभरदा झाले की तेलाची वाट बुजते. आजच्या पुष्कळ टर्बोंना पाण्याचे आवरण असते आणि काही गाड्यांत एंजिन बंद झाल्यावरही विजेचा पंप ते पाणी खेळवीत राहतो. तरीही शेवटचे तीन-चार किलोमीटर संथ चालवावे किंवा थांबल्यावर मिनिट-दोन मिनिटे एंजिन चालू ठेवावे. जानेवारीतील धुक्याच्या सकाळी याच्या उलट करावे. थंड तेल जड असते, म्हणून ते ऊबदार होईपर्यंत एंजिनाला जोर लावू नये.

हवेविषयी थोडक्यात. हवेची गाळणी फाटली किंवा तिच्या पुढची रबरी नळी चिरली, तर धुळीचे कण हवा दाबणाऱ्या चक्राच्या पात्यांवर वाळूच्या फवाऱ्यासारखे आदळतात. गाळणी झटकून वा वाऱ्याच्या झोताने फुंकून पुन्हा बसविण्याची काटकसर करू नये. झोताने कागदाला सूक्ष्म भोके पडतात. दाबलेली हवा थंड करणारी जाळी गाडीच्या पुढच्या भागात असते. ती कीटक व माती यांनी भरली की हवा गरम राहते आणि सिलिंडरात इंधन अवेळी पेटून ठोके बसू लागतात. झाकणाच्या आत लिहिलेल्या ऑक्टेन अंकापेक्षा कमी प्रतीचे पेट्रोल भरल्यानेही हेच घडते.

आता चाकांकडे वळू. रेल्वेच्या एंजिनात एका आसावरील, एका बोगीवरील आणि साऱ्या एंजिनाच्या चाकांच्या व्यासांत किती फरक चालेल, याच्या मर्यादा ठरलेल्या असतात. कारण सर्व आसांनी सारखा भार वाहावयाचा असतो. मोटारीलाही हेच लागू पडते, परंतु टायर विकत घेताना हे कोणाच्या ध्यानात राहते?

एक गणित करून पाहू. 235/40 आर 18 या मापाच्या नव्या टायरचा व्यास सुमारे 645 मिलिमीटर असतो. त्याच्या नक्षीची खोली आठ मिलिमीटर धरू. ती झिजून तीनवर आली, म्हणजे व्यास दहा मिलिमीटरांनी घटला. नवे चाक एका किलोमीटरात सुमारे 493 फेरे घेते, झिजलेले सुमारे 501. फरक केवळ आठांचा! पण लखनौहून आग्र्यास जाईपर्यंत झिजलेले चाक दोन हजार तीनशेंहून अधिक फेरे जास्त घेते. अशा पुष्कळ गाड्यांत मागील आसाकडे शक्ती नेणारा जोड तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचा असतो. पुढील व मागील आसांच्या गतींतला फरक या चकत्या घसरून सामावून घेतात. वळणावर क्षणभर घसरणे हे त्यांचे कामच आहे. सरळ रस्त्यावर तासन्‌तास घसरावे लागले, तर त्या तापतात, झिजतात आणि तेल काळे पडते.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या गाडीचा पुढचा टायर खड्ड्यात कापला गेला. दुकानदाराने पुढे दोन नवे टायर बसविले आणि मागे अर्धे झिजलेले तसेच ठेवले. त्यात पैसे वाचले. काही महिन्यांनी आखूड वळणावर गाडी हिसके देऊ लागली आणि अखेरीस मागील जोडाच्या चकत्या जळाल्याचे आढळले. वाचलेल्या रकमेच्या कितीतरी पट खर्च आला. चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे व जवळजवळ सारखे झिजलेले असावेत. पुस्तिकेत मनाई नसेल, तर दर आठ-दहा हजार किलोमीटरांनी पुढचे मागे व मागचे पुढे करावेत. हवेचा दाब सकाळी, चाके थंड असताना पाहावा. दुपारच्या उन्हात तापलेल्या टायरचा दाब फसवा असतो. जोडाचे तेल हे एंजिनाच्या तेलाहून वेगळे असते आणि त्याची मुदतही वेगळी असते. नेहमीच्या तपासणीत ते बदलले की नाही, हे नाव घेऊन विचारावे.

ब्रेकचे द्रव हवेतील दमटपणा शोषून घेते. पाणी मिसळलेले द्रव जोराच्या ब्रेकने उकळते आणि पाय रिकामा खाली जातो. म्हणून साधारणतः दोन वर्षांनी ते बदलतात. ठिणगीचे प्लग टर्बो-एंजिनात लवकर झिजतात. त्यांची मुदत पुस्तिकेत पाहावी.

गाडी वाटेत बंद पडली, तर ओढून नेणाऱ्यास आधी सांगावे की हिची चारही चाके एंजिनास जोडलेली आहेत. दोन चाके उचलून दोन रस्त्यावर फरफटत नेल्यास काही किलोमीटरांत मागचा जोड निकामी होऊ शकतो. सपाट पाठीचे वाहन मागवून चारही चाके जमिनीपासून वर राहतील अशी गाडी त्यावर चढवावी. त्यासाठी तासभर थांबावे लागले तरी थांबावे.