सब्ज्याची पाने आणि जिनोआची चटणी

इटलीतील जिनोआ शहराची ‘पेस्टो’ ही चटणी ज्या पानांची करतात, ती सब्ज्याच्याच जातीची होत. ‘पेस्टो’ म्हणजे कुटलेले. तेथे संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने पाने, लसूण, जाडे मीठ व चिलगोज्यासारख्या बिया कुटून त्यांत किसलेले जुने चीज व ऑलिव्हचे तेल मिसळतात. शाळेत बियांऐवजी शेंगदाणे घेता येतील. मात्र मग ती खरी पेस्टो नव्हे, हेही मुलांस सांगावे.

शेंडे फुलोऱ्यापूर्वी, पानांच्या जोडीच्या किंचित वर खुडावेत. तेथून दोन फांद्या फुटतात; त्या मुलांनीच मोजाव्यात.

कुटलेले पान हवेतील प्राणवायूमुळे काळवंडते. दोन वाट्यांत चटणी घेऊन एकीवर तेलाचा थर द्यावा. फरक लवकरच दिसेल. तथापि हिरवी राहिली म्हणजे टिकली, हा समज घातक होय. तेलाखाली, कच्च्या लसणात, हवेवाचून वाढणारे बोट्युलिझमचे जंतू विष निर्माण करू शकतात. ते वासावरून वा रंगावरून ओळखता येत नाही. म्हणून चटणी ताजीच खावी. उरलेली बाटलीत भरून वर्गाच्या कपाटात कदापि ठेवू नये.