घटक ४ : ‘बसतो’, ‘चालतो’, ‘पेलतो’ – प्रोसेसर व मदरबोर्ड यांची सुसंगतता आणि तांत्रिक मराठी

४.१ प्रास्ताविक

व्यावहारिक मराठी म्हणजे पत्र, अर्ज, इतिवृत्त आणि जाहिरात, असा समज आपल्याकडे रूढ आहे. एखाद्या तांत्रिक वस्तूविषयी नेमके विचारणे आणि नेमके सांगणे हेही याच अभ्यासक्षेत्रात येते, याकडे मात्र दुर्लक्ष होते. प्रस्तुत घटकासाठी आपण एक नित्याचा व्यवहार निवडला आहे. सुटे भाग विकत घेऊन संगणक जुळवताना, निवडलेला प्रोसेसर निवडलेल्या मदरबोर्डशी सुसंगत आहे की नाही, हे कसे तपासावे आणि त्याविषयी मराठीत कसे विचारावे?

नवी मुंबईतील विद्यार्थ्याला हा प्रश्न परका नाही. वाशी-नेरूळहून हार्बर मार्गाने निघायचे, मध्ये गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचे आणि लॅमिंग्टन रोडवर दुकानोदुकानी भाव विचारत सुटे भाग घ्यायचे, हा अनेकांचा परिपाठ आहे. (या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. बाजाराच्या बोलीने मात्र जुने नाव सोडलेले नाही.) प्रोसेसर एका दुकानातून आणि मदरबोर्ड दुसऱ्या दुकानातून, किंवा त्यांपैकी एक वापरलेला, अशी खरेदी झाली की दोन्ही भाग निर्दोष असूनही संगणक सुरू न होण्याचा संभव असतो. वेष्टन फोडलेला प्रोसेसर परत घ्यायला विक्रेता सहसा राजी नसतो. जादा पाळ्या करून साठवलेले पैसे अशा वेळी एका क्रियापदाच्या संदिग्धतेत अडकतात.

४.२ ‘बसणे’ आणि ‘चालणे’

ग्राहक विचारतो, ‘‘हा प्रोसेसर या बोर्डाला चालेल का?’’ विक्रेता उत्तरतो, ‘‘बसेल की!’’ संवाद सुरळीत झाला, असे दोघांनाही वाटते. प्रत्यक्षात प्रश्न एका क्रियापदात विचारला गेला आणि उत्तर दुसऱ्या क्रियापदात मिळाले. विक्रेत्याने ‘‘चालेल’’ असे उत्तर दिले असते तरी अडचण संपली नसती. मराठीत ‘चालेल’ या रूपाला निदान दोन अर्थ आहेत. एक ‘कार्य करील’ आणि दुसरा ‘हरकत नाही’. ‘‘चहा चालेल?’’ या प्रश्नात कोणीही चहाच्या कार्यक्षमतेची चौकशी करत नाही. दुकानातल्या घाईत उच्चारलेले ‘चालेल’ पुष्कळदा या दुसऱ्या, संमतिदर्शक अर्थाचे असते आणि ग्राहक ते पहिल्या अर्थाने घेऊन घरी जातो.

आता वस्तूकडे वळू. मदरबोर्डवर ज्या चौकटीत प्रोसेसर ठेवला जातो तिला सॉकेट म्हणतात. इंटेल कंपनीच्या ‘एलजीए ११५१’ या सॉकेटच्या नावातील संख्या संपर्कबिंदूंची आहे. हे सॉकेट २०१५ साली सहाव्या पिढीच्या प्रोसेसरांबरोबर आले आणि सातव्या पिढीलाही तेच लागू राहिले. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आले, तेव्हा सॉकेटचे नाव तेच, बिंदूंची संख्या तीच, प्रोसेसरचा आकारही तोच होता. म्हणजे नवा प्रोसेसर जुन्या बोर्डात व्यवस्थित बसत होता. परंतु काही बिंदूंची कामे बदलली होती आणि इंटेलने या पिढीसाठी ३०० मालिकेचा चिपसेट आवश्यक ठरवला होता. १०० किंवा २०० मालिकेच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर बसतो, पण कंपनीने ठरवलेल्या व्यवस्थेत चालत नाही. उलट दिशेनेही तेच : सहाव्या-सातव्या पिढीचा प्रोसेसर ३०० मालिकेच्या बोर्डावर चालत नाही. वापरलेल्या भागांच्या बाजारात हे बोर्ड आणि हे प्रोसेसर शेजारी शेजारी मांडलेले असू शकतात, म्हणून हे उदाहरण जुने झालेले नाही.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. आठ मिलिमीटरचा बोल्ट आणि आठ मिलिमीटरचा नट यांचा व्यास जुळतो. पण एकाचे आटे सव्वा मिलिमीटर अंतराचे आणि दुसऱ्याचे एक मिलिमीटर अंतराचे असले, तर नट एखादा फेरा फिरतो आणि अडकतो. येथे निदान अडकल्याचे हाताला कळते. प्रोसेसर अडकत नाही. तो निमूटपणे बसतो आणि पडदा काळाच राहतो.

भाषाभ्यासकाला येथे भारतीय शाब्दबोधविचाराची आठवण व्हावी. वाक्यार्थ सिद्ध होण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या अटी आपल्या परंपरेने मानल्या आहेत. ‘माळी विस्तवाने झाडे शिंपतो’ या वाक्यात कर्ता, करण, कर्म, क्रियापद सारे आपापल्या जागी आहे. विभक्तिप्रत्ययही बिनचूक आहेत. तरीही अर्थ लागत नाही, कारण शिंपण्याची योग्यता विस्तवात नाही. सॉकेट जुळणे म्हणजे पदांना आपापली जागा मिळणे होय. चिपसेटचे पाठबळ ही योग्यतेची अट आहे. तुलना फार ताणू नये, पण फरक ध्यानात ठेवायला ती पुरेशी आहे.

४.३ ‘चालतो’ – पण कोणत्या आवृत्तीवर?

सॉकेट आणि चिपसेट दोन्ही जुळले, तरी एक अट उरते. संगणक सुरू होताना मदरबोर्डवरील बायोस ही आज्ञावली प्रोसेसरला ओळखते. बोर्ड आधी तयार झाला असेल आणि प्रोसेसर नंतर बाजारात आला असेल, तर त्या बोर्डाच्या जुन्या बायोसला नव्या प्रोसेसरची ओळख नसते. एएमडी कंपनीचे ‘एएम४’ सॉकेट याचे ठळक उदाहरण आहे. २०१७ साली या सॉकेटवर रायझन प्रोसेसर आले आणि २०२० अखेरच्या रायझन ५००० मालिकेलाही तेच सॉकेट होते. २०१८ सालचा ‘बी४५०’ बोर्ड ती मालिका चालवू शकतो; मात्र बायोस अद्ययावत केल्यावरच. गंमत अशी, की बायोस बदलण्यासाठी संगणक सुरू व्हावा लागतो आणि संगणक सुरू होण्यासाठी बायोस बदलावे लागते. काही बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस बदलण्याची सोय असते. ती नसेल, तर जुना प्रोसेसर तात्पुरता बसवून देणारा विक्रेता शोधावा लागतो.

म्हणून प्रत्येक मदरबोर्ड-निर्माता आपल्या संकेतस्थळावर त्या त्या बोर्डासाठी मान्य प्रोसेसरांची यादी देतो. तिच्यात प्रोसेसरच्या नावापुढे किमान बायोस-आवृत्ती दिलेली असते. माझ्या मते संपूर्ण तपासणीत ही यादी सर्वांत विश्वसनीय आहे आणि ती वाचण्याचा कंटाळा सर्वांत महाग पडतो. यादीत बोर्डाचे नाव अक्षरशः जुळवावे. एका अक्षराच्या फरकाने बोर्ड बदलतो.

४.४ नावाची फोड

प्रोसेसरचे नाव सामासिक शब्दासारखे सोडवता येते. ‘कोअर आय५-१३४००एफ’ यात ‘आय५’ ही श्रेणी, ‘१३’ ही पिढी, ‘४००’ हा श्रेणीतील क्रम आणि ‘एफ’ हा प्रत्यय. या प्रत्ययाचा अर्थ, प्रोसेसरमध्ये चित्रदर्शनाची अंगभूत सोय नाही. असा प्रोसेसर घेऊन स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घेतले नाही, तर बोर्डावरील एचडीएमआयच्या छिद्रात केबल घालूनही काही दिसत नाही. एएमडीच्या एएम४ रायझन प्रोसेसरांत उलट रीत आहे : ‘५६००जी’ मधील ‘जी’ हा प्रत्यय ती सोय असल्याचे सांगतो. एकाकडे प्रत्यय अभाव दाखवतो, दुसऱ्याकडे अस्तित्व. भाषांच्या प्रत्ययव्यवस्थाही अशाच परस्परांना न विचारता घडतात.

रॅमविषयी थोडक्यात. बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरांचे सॉकेट ‘एलजीए १७००’ आहे. त्याचे काही बोर्ड डीडीआर४ रॅमचे, तर काही डीडीआर५ रॅमचे असतात. एकीची रॅम दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. एएमडीच्या २०२२ सालच्या ‘एएम५’ सॉकेटला केवळ डीडीआर५ रॅम लागते.

४.५ ‘पेलतो’

तिसरे क्रियापद बाजारात फारसे ऐकू येत नाही, पण ते रूढ व्हावे असे वाटते. ‘कोअर आय५-१२४००’ या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा ६५ वॉट आणि कमाल ११७ वॉट आहे. ‘कोअर आय९-१३९००के’ची हीच मापे १२५ आणि २५३ वॉट आहेत. दोहोंचे सॉकेट एकच. ‘एच६१०’ चिपसेटच्या स्वस्त बोर्डाच्या यादीत दुसऱ्याचे नाव आढळू शकते, म्हणजे तो तेथे चालतो. परंतु वीज पुरवणारे बोर्डावरील घटक तापले की प्रोसेसरची गती कमी होते. महागडा प्रोसेसर घेऊन तो अर्ध्या ताकदीने वापरण्यात काय हशील? बोर्ड तो चालवतो, पेलत नाही.

४.६ विचारणेचा नमुना

तोंडी संवादातील संदिग्धता टाळण्यासाठी विक्रेत्याला लेखी संदेश पाठवावा. पुढील नमुना पाहा :

‘‘महोदय, आपल्याकडील एच६१० चिपसेटच्या मदरबोर्डचे पूर्ण नाव कळवावे. त्यावर कोअर आय५-१३४००एफ हा प्रोसेसर आता असलेल्या बायोस-आवृत्तीवर सुरू होईल काय? होत नसल्यास बायोस आपण अद्ययावत करून द्याल काय व त्याचे शुल्क किती? बोर्ड डीडीआर४ रॅमचा आहे की डीडीआर५? संगणक सुरू न झाल्यास बोर्ड किती दिवसांत बदलून मिळेल?’’

या संदेशात ‘चालेल का’ हा प्रयोग एकदाही नाही, हे लक्षात घ्या. ‘सुरू होईल काय’ या प्रश्नाला संमतिदर्शक अर्थाची पळवाट उरत नाही. ‘आता असलेल्या’ या विशेषणामुळे बायोसविषयीचे मोघम उत्तर अशक्य होते. तसेच प्रोसेसर, मदरबोर्ड, सॉकेट हे शब्द बाजारात रुळले आहेत आणि त्यांना मराठीने लिंगही देऊन टाकले आहे : तो प्रोसेसर, ते सॉकेट, ती रॅम. त्यांच्या जागी ओढूनताणून प्रतिशब्द घातल्यास विक्रेता गोंधळेल. मराठीपण क्रियापदात आणि वाक्यरचनेत सांभाळावे.

४.७ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘बसणे’, ‘चालणे’ आणि ‘पेलणे’ या क्रियापदांचे वाच्य व लाक्षणिक अर्थ सोदाहरण स्पष्ट करा.

२. आपल्या कामाच्या ठिकाणी वापरले जाणारे, दोन अर्थांमुळे घोटाळा करणारे एक क्रियापद शोधून त्याविषयी दहा ओळी लिहा.

३. एका ग्राहकाकडे २०१६ साली घेतलेला, १०० मालिकेच्या चिपसेटचा एलजीए ११५१ बोर्ड आहे. त्याला आठव्या पिढीचा वापरलेला प्रोसेसर स्वस्तात मिळतो आहे. त्याला सल्ला देणारे पत्र शंभर शब्दांत लिहा. पत्रात ‘चालेल’ हे रूप वापरू नका.